साईच्या कानांची परीक्षा

हे लिहायला बसावं असं माझ्यात काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांनी काही केलेलं असतं ती माणसं आपली हकिकत लिहितात. मी काचीगुड्याच्या एका क्वार्टरमध्ये वाढलो, जामबागच्या कॉलेजात शिकलो आणि नंतर शाळेत विज्ञान शिकवत राहिलो, एवढीच माझी गोष्ट. त्यात माझं मराठी हैदराबादचं. घरात मराठी, गल्लीत उर्दू, बाजारात तेलुगू, अशा तीन गिरण्यांतून दळून निघालेलं. पुण्याकडच्या वाचकाला कुठं कुठं खडा लागेल. तरी लिहितोय. माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात, महिन्याभराच्या आत, मी घरच्यांना दोन वाक्यं सांगितली आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्याचं पुढं काय झालं, हे दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

आमचं क्वार्टर रुळांपासून पंचवीस पावलांवर होतं. बाबा रेल्वेत गँगमन होते. रुळांच्या चाव्या, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरी, ठोकणं, खडी सारणं, उन्हात रूळ फुगला की झेंडी घेऊन उभं राहणं, हे त्यांचं काम. घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. गाडी आली की फळीवरची ताटं किणकिणायला लागत आणि पातेल्यातल्या दुधावर बारीक लाटा उठत. आईची एक सवय होती. बोलता बोलता गाडी आली की ती वाक्य तिथंच ठेवायची, गाडी जाऊ द्यायची आणि नेमक्या पुढच्या शब्दापासून सुरू करायची. "त्या मेथीला जरा..." मग मालगाडीचे चाळीस-पन्नास डबे, आणि मग "...पाणी कमी घालत जा." आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे. पाहुणे मात्र पहिल्या दिवशी दर गाडीला दचकत आणि बाबा त्यांच्याकडे बघून खूश होत. "आमच्या लेकरांना गाडीनं जाग येत नाही, गाडी चुकली तर येते," असं ते सांगायचे, आणि ते खरंच होतं. एकदा गाड्या बंद होत्या त्या दिवशी दुपारी घरात कुणाचाच डोळा लागला नव्हता.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. बाबा सातवीपर्यंत, आई चौथीपर्यंत, माझी मोठी बहीण सुनीताताई दहावीपर्यंत. मी बी.एस्सी.ला होतो, प्राणिशास्त्र घेऊन. हे कळल्यापासून सगळी क्वार्टरची लाइन माझ्याकडे कागद घेऊन येऊ लागली. विजेचं बिल, बँकेचं पत्र, औषधाची पाकिटं. "बालाजी, ही गोळी जेवणाच्या आधी का मागून?" मी पाकीट उलटंसुलटं करून बघायचो आणि काहीतरी सांगायचो. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघत नसत. आता वर्गात एखादा मुलगा उत्तर येत नसताना तोंड भरून काहीतरी ठोकून देतो, तेव्हा मला त्याचा राग येत नाही. तो कुणाच्या नजरेतून उतरायला घाबरतोय, एवढंच मला बघावंसं वाटतं. मी ज्यांच्या नजरेत होतो त्यांनी माझ्या पुस्तकांसाठी पोटाला चिमटा घेतला होता. त्यांना 'माहीत नाही' म्हणणं मला फसवणूक वाटायची. खरी फसवणूक कुठली, ते नंतर कळलं.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा घराचा वासच बदलला. आईनं डिंक तळून, खारीक कुटून लाडू वळले. रोज बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची फोडणी दिलेलं मुगाचं पाणी, संध्याकाळी खसखशीची खीर. पडवीत शेगडीवर ओवा आणि वावडिंग टाकून धुरी व्हायची. ताईचे यजमान, आमचे विलास दाजी, जामबागेत एका बाइंडरकडे पुस्तकं बांधायचे. माझ्या कॉलेजपासून त्यांचं दुकान चार गल्ल्यांवर होतं. ते दर रविवारी यायचे. बोटांच्या पेरांना खळ वाळून पापुद्रे आलेले असत आणि बोलताना ते ते सोलत बसायचे. स्वभावानं गमत्या माणूस. मला बघितलं की म्हणायचे, "क्या डाक्टरसाब, आमच्याकडं बी लक्ष असू द्या."

बाळ दिवस भरण्याआधी, साडेआठव्या महिन्यात झालं. सरकारी प्रसूतिगृहात झालं, आणि तिसऱ्या दिवशी दोघांना घरी सोडलं. मुलगा. आईनं त्याला तेल लावून, साय, डाळीचं पीठ आणि हळद यांची उटी करून अंगभर चोळलं. जुन्या पिवळ्या धोतराच्या दुपट्यात गुंडाळलं. आतल्या खोलीला खिडकी नव्हती, तिथं चाळीसचा पिवळा दिवा लागायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी ताई म्हणाली, "आई, हा जास्तच पिवळा दिसतो गं." आईनं वाकून बघितलं. तिला काही ठरवता येईना. मग तिनं हाक मारली, "बालाजी, जरा इकडं ये बाबा. तू शिकलेला. हे पिवळं हळदीचं आहे का दुसरं काही?"

मी परीक्षेचं वाचत होतो. पुस्तकात काविळीबद्दल एक परिच्छेद होता, तो मला पाठ होता. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यातून पिवळं द्रव्य निघतं, कोवळ्या यकृताला ते झेपत नाही. सगळं पाठ होतं. पण दिव्याखाली, हळद लावलेल्या, पिवळ्या धोतरातल्या बाळाकडे बघून ते कसं ओळखायचं, हे त्या परिच्छेदात नव्हतं. ताई, आई, दाराशी उभे बाबा, तिघं माझ्याकडे बघत होते. मी बाळाच्या पायावर बोट घासलं. बोटाला थोडा पिवळा रंग आला. मी बोट दाखवून म्हणालो, "हळद आहे." ताईचा चेहरा निवळला. हे पहिलं वाक्य.

त्यानंतरचे दोन दिवस घर आनंदात होतं. बाळ रडत नव्हतं. अंगावर घेतलं तरी दोन घोट ओढून झोपी जायचं. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, किती गुणी लेकरू. रडलाच तर आवाज बारीक, वरच्या पट्टीतला यायचा, मांजराच्या पिलासारखा. आईला तो आवाज आवडला नव्हता, असं तिनं फार नंतर सांगितलं. पण मी हळद म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रजियाआपा आल्या. लाइनीच्या टोकाला राहायच्या. तीस वर्षं प्रसूतिगृहात आया म्हणून काम करून घरी बसल्या होत्या. मुलाला बघायला म्हणून साखर आणि खारका घेऊन आल्या. त्यांनी बाळाला उचललं आणि सरळ पडवीत, उन्हाच्या उजेडात नेलं. अंगठ्यानं नाकाचा शेंडा दाबून सोडला. मग हलक्या हातानं पापणी उघडली.

"ये क्या है अम्मा?" त्या आईला म्हणाल्या.

"हळद लावली हो आपा. आमच्यात लावतात."

"हौ, लगाते. हमारे में बी लगाते. मगर आँखां के अंदर बी हल्दी लगाए क्या तुम लोगां?"

 आपांनी माझ्याकडे बघितलं, कारण आई माझ्याकडे बघत होती. "क्यूं रे कालिजवाले, तू देखा था? आँखां नै देखा? बात करते खड़े नक्को रहो, आटो बुलाव. अब्बी."

लहान मुलांच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. तिथल्या नर्सनं आकडा वाचला आणि चालत आलेली ती पळत गेली. माझ्या पुस्तकातल्या तक्त्यात एवढ्या वरचा आकडाच नव्हता. त्याच दुपारी साईचं, तेव्हा त्याला नावही नव्हतं, सगळं रक्त थोडं थोडं काढून दुसऱ्याचं भरलं गेलं. मग निळ्या दिव्यांखाली, डोळ्यांवर कापडाची पट्टी बांधून, उघडं ठेवलं. काचेतून बघताना तो निळ्या पाण्यात तरंगल्यासारखा दिसायचा. बारशाचा बारावा दिवस तिथंच गेला. दाजी काचेला कपाळ टेकवून उभे असायचे. त्यांनी मला त्या दिवसांत एक शब्द बोलून दाखवला नाही. एकदाच म्हणाले, "तू जेवून घे जा," आणि ते ऐकणं मला बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं.

मूल वाचलं. घरी सोडायच्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या कुणाला तरी बोलावलं. आईनं मला पुढं केलं. बाईंच्या टेबलाभोवती आणखी सहा-सात आईबाप उभे होते. त्या इंग्रजीत, भरभर बोलत होत्या. मेंदू, कान, जोखीम, तीन महिने, असे शब्द मला ओळखता आले. बाकीचं माझ्या अंगावरून गेलं. आमच्या कॉलेजात इंग्रजी पुस्तकात असायची, वर्गात सगळे तेलुगू-उर्दूत बोलायचे. एवढ्या वेगानं कुणी माझ्याशी इंग्रजी बोललं नव्हतं. बाईंनी थांबून विचारलं, समजलं का? मी मान हलवली. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि पुढच्या बापाकडे वळल्या. त्याआधी, सकाळी, एका खोलीत साईच्या कानात गुंडीएवढी नळी घालून दोन मिनिटांची तपासणी झाली होती, आणि त्या यंत्रावर हिरव्या अक्षरांत 'पास' असं उमटलेलं मी स्वतः बघितलं होतं. तेवढा शब्द मला समजला होता. म्हणून बाकावर बसलेल्या सगळ्यांना मी तेच सांगितलं. "काविळीनं कानाला धोका असतो म्हणे. पण कानाची परीक्षा झाली. साहेब पास झाले." हे दुसरं वाक्य. दाजींनी मला मिठी मारली आणि कोठीच्या चौकातून पेढे आणले.

सव्वा महिन्यानं बारसं झालं. दाजींच्या बहिणीनं पाळण्यात वाकून कानात 'कुर्रर्र' केलं, साईनाथ हे नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, ती हसत खाली बसली. बाळ वर टांगलेल्या चिमण्यांकडे बघत होतं. छान अंग धरलं होतं त्यानं. तोंडाकडे बघून हसायचं. डोळे तर असे टपोरे की माणूस दारातून आत आला की त्याच्या मागे फिरायचे. आणि झोपेचा पक्का. शेजारच्या रुळावर मालगाडीचं इंजिन भोंगा वाजवत उभं राहिलं तरी हा पाळण्यात पसरलेला. बाबांचा आनंद मावत नव्हता. ते ड्यूटीवरून आले की बूट न काढता पाळण्याशी जायचे, गाडीची वाट बघायचे, आणि गाडी गेली की सगळ्यांकडे वळून म्हणायचे, "बघितलं? पापणी हलली नाही. रुळाकाठचं रक्त आहे. याची रेल्वेतली नोकरी पक्की समजा."

हे आम्ही दोन महिने बघत होतो. हसत होतो. मीही हसत होतो.

तीन महिने होत आले तेव्हा ताईची सासरी जायची तयारी सुरू झाली. एका दुपारी आई पडवीत बसून तिच्यासोबत द्यायच्या शेवया पसरत होती. मी जेवत होतो. ताकातल्या ज्वारीच्या कण्या, वर लसणाचं तिखट. एक्सप्रेस भोंगा देत गेली, फळीवरची ताटं वाजली, साई झोपलेलाच. बाबा नेहमीचं बोलले. आई हसली आणि म्हणाली, "हा तुमच्यावर गेला. बालाजीनं मात्र जीव खाल्ला होता माझा. पहिले तीन महिने दर गाडीला असा दचकायचा, हातपाय ताणून, आणि मग तासभर रडायचा. सुनीताचं पण तेच. तुम्ही चिडून म्हणायचा ना, बदली मागतो म्हणून? नंतर हळूहळू सवय झाली दोघांना."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. सवय झाली. म्हणजे आधी दचकायचो, मग सवय. साई कधी दचकलाच नव्हता. घरी आल्याच्या पहिल्या दिवसापासून आजपर्यंत, एकदाही नाही. ज्याला आवाज पोचतो त्यालाच आवाजाची सवय होते.

 मी हात धुऊन ट्रंकेतला दवाखान्याचा कागद काढला. दोन पानं होती. दुसरं पान मी कधी उलटलंच नव्हतं. त्याच्या तळाशी हातानं लिहिलेलं होतं की पहिली तपासणी पुरेशी नाही, तीन महिन्यांनी मेंदूपर्यंत आवाज पोचतो का याची दुसरी तपासणी करावी, टाळू नये. 'टाळू नये' खाली दोन रेघा मारल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी एकटाच त्या दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर गर्दी ओसरेपर्यंत बसलो. आत गेल्यावर पाठ केलेलं वाक्य विसरलो. शेवटी हिंदीत म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही विचारलं समजलं का, मी मान हलवली. मला समजलं नव्हतं." मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी चष्मा काढला, समोरची खुर्ची दाखवली आणि हिंदीत, सावकाश सांगितलं. पहिली तपासणी फक्त आतला कान काम करतो का ते बघते. तो चांगला असू शकतो. कावीळ फार वाढली तर ती कानाच्या पुढं, मेंदूकडे आवाज नेणाऱ्या नसेवर बसते. तेव्हा पहिल्या परीक्षेत मूल पास होतं आणि तरी त्याला ऐकू येत नाही.

"मग साईला ऐकू येत नाही का?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पण एक सांगते. सहा महिन्यांच्या आत कळलं तर आपल्या हातात खूप असतं. वर्ष-दीड वर्षानं, मूल बोलत का नाही म्हणून आलात, तर थोडं उरतं. त्याला घेऊन या."

एवढी मोठी डॉक्टर, भिंतीवर तीन-तीन पदव्या लावलेली, आणि किती सहज म्हणाली. मी काचीगुड्यापर्यंत चालत आलो. बसमध्ये बसायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे दाजी येणार होते. ताईला न्यायचा दिवस ठरवायलाच. चहा झाल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं. दाजी पेरांवरची खळ सोलत ऐकत होते. माझं बोलणं संपलं तरी ते काही वेळ सोलतच राहिले.

"तूच म्हणालास ना पास झाला?"

"हो दाजी."

"त्याच्या आधी म्हणालास हळद आहे."

"हो."

"हळद म्हणालास, आम्ही ऐकलं. पास म्हणालास, आम्ही पेढे वाटले. आता बहिरा म्हणतोस. एक काय ते ठरव ना बालाजी. दर महिन्याला नवीन काय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "अख्ख्या बिरादरीत सांगून बसलोय मी. आता लोकांना काय सांगू, पुन्हा परीक्षेला बसवतोय म्हणून?"

बाबा मध्ये पडले. "अहो विलासराव, पोरगं गाडीला दचकत नाही एवढ्यावरून काय... आमच्या घरातली सगळी अशीच." आई मात्र खाली बघत होती. तिनं परवा ते बोलून दाखवलं होतं आणि त्याचा अर्थ आता तिच्यापर्यंत पोचला होता.

मी म्हणालो, "मी बहिरा म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणतोय. हळदीच्या वेळी पण मला माहीत नव्हतं. डॉक्टरांचं बोलणं पण मला कळलं नव्हतं. तरी मी मान हलवली, कारण तुम्ही सगळे बाहेर बसला होता आणि मी कॉलेजात जातो." हे बोलताना माझी जीभ तीनदा अडखळली. घरात असं काही मी आयुष्यात बोललो नव्हतो. बाबा उठून पडवीत गेले. त्यांना राग आला होता की वाईट वाटलं होतं, मला आजही ठरवता येत नाही. पुढं वीस वर्षं ते जगले पण त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

ताई एवढा वेळ बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्याला दाजींच्या मांडीवर ठेवलं, उठली, ओट्यावरचं पितळी तांब्या-भांडं उचललं, साईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. त्याला दिसू नये म्हणून पदर सावरून धरला. आणि दोन्ही एकमेकांवर आदळली. आम्ही मोठी माणसं दचकलो. साई दाजींच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत होता, तसाच बघत राहिला. तिनं पुन्हा आदळलं. मग तांब्या खाली ठेवून नवऱ्याला म्हणाली, "कुठं न्यायचं ते विचारा बालाजीला."

दाजींनी माझ्याकडे न बघता दवाखान्याचा कागद घेतला, घडी करून खिशात टाकला. निघताना दारात थांबले. "आम्ही दोघं नेतो त्याला. तू येऊ नको."

हे बरोबरच होतं असं मला तेव्हाही वाटलं. पण त्यानंतरचे दिवस काढणं कठीण गेलं. ताई सासरी गेली. तपासणीला मूल गाढ झोपलेलं लागतं, डोक्याला तारा चिकटवतात, म्हणून औषध देऊन झोपवतात. पहिल्या खेपेला साई झोपलाच नाही म्हणून ते परत आले, एवढं आईला कुणाकडून तरी कळलं. दुसरी तारीख कधीची ते कळलं नाही. आमच्याकडे फोन नव्हता. दाजी रविवारी यायचे बंद झाले. घरात ताटं किणकिणायची, आई वाक्य अर्धवट ठेवायची आणि गाडी गेल्यावर पुष्कळदा पुढचा शब्दच विसरायची. मी कॉलेजला जाताना बाइंडरच्या दुकानाची गल्ली टाळून जायचो. परीक्षा जवळ आली होती. पुस्तकात कानाचं प्रकरण होतं, शंखाच्या आकाराचा आतला कान, त्यातले केस, तिथून निघणारी नस. ती आकृती मी इतक्या वेळा काढली की आजही फळ्यावर डोळे मिटून काढू शकतो.

मग एका दुपारी प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो तर कॉलेजच्या फाटकापाशी दाजी उभे होते. चार गल्ल्यांवर काम करूनही ते कधी तिथं आले नव्हते. वॉचमननं त्यांना कुठल्या मुलाचे म्हणून विचारलं असावं. ते जरा अंग चोरून, भिंतीला लागून उभे होते. हातात लांब तपकिरी पाकीट होतं.

"जेवलास?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही?"

"नाही." पाकिटाकडे बघत म्हणाले, "सकाळी मिळालं हे. खिडकीवर देतात, सांगत काही नाहीत. डॉक्टरीणबाई पाचपर्यंत बसतात म्हणे. तुझी ताई तिथंच, दवाखान्यात, बसलीय साईला घेऊन. मी म्हटलं तिला, आधी एकदा..." त्यांनी पाकीट पुढं केलं. "वाच. कळलं तेवढं सांग. नाही कळलं तर नाही कळलं म्हण. मी रागावणार नाही."

मी तिथंच, स्कूटरवाल्यांच्या गर्दीत, कागद उघडला. वर साईचं नाव, वय, उजवा कान, डावा कान. खाली आलेख होते. ऐकू येणाऱ्या माणसाच्या आलेखात पाच लाटा उठतात, आवाज नसेतून वर चढत जातो तशा. आमच्या सरांनी त्या शिकवल्या होत्या. मी उजवीकडचा आलेख बघितला. मग डावीकडचा. मग दोन्ही पुन्हा. आवाज वाढवत वाढवत नेला होता, अगदी वरच्या पायरीपर्यंत, आणि सगळ्या रेघा सपाट होत्या. खाली दोन ओळींचा निष्कर्ष होता. त्यातले तीन शब्द मला कळले नाहीत. बाकीचे कळले.

"दाजी," मी म्हणालो, "साईला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. एवढं मला कळतं. पुढं काय करायचं ते मला माहीत नाही."

ते माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते. मग त्यांनी माझी कॉलेजची पिशवी माझ्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन येणाऱ्या ऑटोला हात केला.

"चल," ते म्हणाले. "पाचला अजून वेळ आहे."